राष्ट्राध्यक्षांचा फोन आणि सुलभाताईंची वही

सुलभा नेवासकर यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहून घेतली. मुंबईच्या विधानभवनात त्या मराठी प्रतिवेदक होत्या. सभागृहात अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक टेबल असतं. तिथे बसून जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं, आपली दहा मिनिटं झाली की दुसऱ्याला जागा द्यायची, आत जाऊन सगळं नीट टाइप करायचं आणि पुन्हा पाळी आली की टेबलावर हजर. कोणी ओरडो, कोणी कागद भिरकावो, सुलभाताईंची मान खाली आणि पेन्सिल चालू. स्वभावही तसाच झाला होता. चार माणसांत बसल्या तर चौघांचं ऐकून घ्यायच्या, स्वतः फारसं काही बोलायच्या नाहीत.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, सप्टेंबरात, त्या तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या. आयर्लंडच्या वायव्य टोकाला समुद्राजवळ स्लायगो नावाचं गाव आहे, तिथे अश्लेषा, जावई रुपेश आणि नात निहारिका राहत. अश्लेषाचं सॉफ्टवेअरचं काम घरूनच चालायचं. रुपेश सकाळी आठला बाहेर पडायचा. निहारिका सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं स्लायगोच्या हेलातल्या इंग्रजीत. आजीसाठी म्हणून ती त्यात मराठी शब्द पेरायची, आणि दोघींचं बऱ्यापैकी निभायचं.

पहिला महिना सुलभाताईंना जडच गेला. पहिल्याच दिवशी अश्लेषा वरच्या मजल्यावरून म्हणाली, "आई, चहाचे कप प्रेसमध्ये आहेत गं." सुलभाताई गोंधळल्या. त्यांच्या लेखी प्रेस म्हणजे सभागृहातली पत्रकारांची गॅलरी. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट, हे कळायला चहा गार व्हावा लागला. बसचा ड्रायव्हर काहीतरी गमतीचं बोलायचा, मागचे लोक हसायचे, आणि यांना त्यातला एक शब्द कळायचा नाही. इंग्रजी येत नव्हतं असं नाही. वाचता येत होतं, लिहिता येत होतं. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्या घरातच राहू लागल्या. कोबी चिरायचा, पोळ्या करायच्या, खिडकीतून पाऊस बघायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका दुपारी निहारिका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. लॅपटॉपमधून दोन पुरुषांचे आवाज येत होते. एक जड, ओढूनताणून बोलणारा, थांबायचं नावच न घेणारा. दुसरा अधूनमधून एखादा शब्द टाकणारा. निहारिकाने कपाळावर हात मारला आणि तोच तुकडा परत लावला.

"कोण गं हे?" सुलभाताईंनी विचारलं.

"पहिला अमेरिकेचा प्रेसिडेंट आहे, आजी. लिंडन जॉन्सन. दुसरा माइक मॅन्सफील्ड. सिनेटमधला मेजॉरिटी लीडर."

"म्हणजे त्याच्याच पक्षाचा, सभागृहात कामकाज रेटणारा?"

"एक्झॅक्टली. साठ वर्षांपूर्वीचे फोन आहेत. प्रेसिडेंट आपले फोन टेप करायचा."

मग तिने आपलं दुखणं सांगितलं. शेवटच्या परीक्षेला इतिहासासाठी एक छोटा प्रबंध लिहावा लागतो. तिने विषय घेतला होता हाच, राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटमधला त्याचा नेता यांचं नातं. जॉन्सन आधी स्वतः सिनेटमधला नेता होता आणि मॅन्सफील्ड त्याच्या हाताखाली दुय्यम. पुढे जॉन्सन आधी उपराष्ट्राध्यक्ष, मग राष्ट्राध्यक्ष झाला आणि सिनेटमध्ये मॅन्सफील्ड त्याच्या जागी आला. निहारिकाचं म्हणणं असं, की मॅन्सफील्ड म्हणजे नुसता होयबा. साहेब बोलणार आणि हा मान डोलावणार. पण शाळेतले इतिहासाचे शिक्षक, डिक्लन हार्ट, म्हणाले होते, पुरावा आण. आणि हिने निवडलेल्या चार फोनांचं लिहिलेलं रूप तिला कुठेच मिळालं नव्हतं. जॉन्सनचं टेक्ससचं इंग्रजी तर तिलाही अर्धंच कळत होतं.

सुलभाताईंनी सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले. "वही दे एक. आणि पेन्सिल. टोकदार बघ."

"आजी, तुला नाही कळणार तो काय बोलतो ते."

"कळायला कुठे हवंय? ऐकू येतंय ना!"

लघुलिपी आवाजावर चालते. शब्दाचा अर्थ माहीत असो वा नसो, कानावर जो ध्वनी पडला त्याची रेघ कागदावर उमटते. निहारिकाने टेप लावली आणि सुलभाताईंची मान आपोआप खाली गेली. पाच मिनिटांनी टेप संपली तेव्हा वहीची तीन पानं बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरली होती. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, जसं ऐकलं तसं, तेच हेल, त्याच जागी श्वास. निहारिका आ वासून बघत राहिली. तिची मुलुंडची आजी स्लायगोच्या स्वयंपाकघरात टेक्ससच्या माणसासारखी बोलत होती.

"आजी! यू आर अ लेजंड!"

"ते असू दे. यातलं कळलं किती?"

कळलं होतं निम्मं. उरलेलं निम्मं दोघींनी मिळून पाच वेळा वाचलं, तरी उलगडेना. तेवढ्यात मागचं दार वाजलं. शेजारच्या कन्सेप्टा फीनी मनुकांचा पाव घेऊन आल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, केस कापसासारखे. सुलभाताई त्यांना कुंपणापलीकडून रोज मान हलवून नमस्कार करत, त्यापुढे ओळख गेली नव्हती. कन्सेप्टाबाईंनी दारातच दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, "तो म्हणतोय, त्या माणसाला मी घोड्यावर बसवायला तयार आहे, पण घोडा त्याचा त्याने आणावा."

"तुम्हाला कसं कळलं?" सुलभाताईंनी विचारलं. नकळत इंग्रजीत विचारलं.

कन्सेप्टाबाईंनी पाव टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. अठराव्या वर्षापासून त्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अमेरिकेत गेलेल्या लेकाचा नाताळचा फोन इथल्या आईला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. बॉस्टन, शिकागो, टेक्सस, सगळीकडचे आवाज त्यांच्या कानावरून गेले होते.

"पण तुम्ही ऐकायच्या का?"

"ऐकायचं नाही असा कडक नियम होता," कन्सेप्टाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "म्हणून तर फार लक्ष देऊन ऐकावं लागायचं."

सुलभाताई इतक्या हसल्या की वरून अश्लेषा मीटिंग अर्धवट टाकून खाली बघायला आली.

त्या दिवसापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, दुपारी तीन वाजता, कन्सेप्टाबाईंच्या स्वयंपाकघरात बैठक बसू लागली. सुलभाताई ऐकून लिहायच्या आणि वाचायच्या, कन्सेप्टाबाई अर्थ लावायच्या, निहारिका शाळेतून आली की ते लॅपटॉपवर उतरवायची. चहाची किटली कधी रिकामी व्हायची नाही. सुलभाताई जाताना डब्यात कधी थालीपीठ न्यायच्या, कधी चकली. चकलीला कन्सेप्टाबाई 'काटेरी बिस्किट' म्हणायच्या आणि चार खायच्या.

पण दोघींचं एका बाबतीत जमेना. कन्सेप्टाबाई पहिल्यापासून मॅन्सफील्डच्या बाजूच्या. त्याचे आईवडील आयर्लंडहून गेलेले, आणि तरुणपणी तो मोंटानात ब्यूट नावाच्या गावी तांब्याच्या खाणीत राबलेला. कन्सेप्टाबाईंचा मामाही त्याच खाणीत गेला होता. "आमचा माणूस," त्या म्हणायच्या, "कमी बोलतो, खरं बोलतो. तुमचा तो टेक्ससवाला नुसता रेटून नेतो."

सुलभाताईंना हे पटेना. "कन्सेप्टाबाई, रेटल्याशिवाय कायदा होतो का? काळ्या लोकांना मतदानाचा हक्क, म्हाताऱ्यांना औषधपाण्याची सोय, हे कोणी करून घेतलं? फोन करकरून माणसं त्यानेच वळवली ना? मी बत्तीस वर्षं बघितलंय. सभागृहात गोड बोलणारे पुष्कळ असतात. पाठीमागे लागणारा एखादाच असतो."

"आणि सभागृहात मतं कोणी गोळा केली? आमच्या माणसाने!"

"सांगितलं कोणी?"

"सांगणं सोपं असतं, सुला!"

असे दोघींचे वाद तासतासभर चालायचे. एकदा निहारिका दारात उभी राहून ऐकत होती. आजी इंग्रजीत भांडत होती. व्याकरणाची मोडतोड होत होती, मधे मराठी घुसत होतं, 'अहो' तर प्रत्येक वाक्यात होतं, पण ती थांबत नव्हती. बसमध्ये तिकिटापुरतंही तोंड न उघडणारी आजी टेबलावर हात आपटून बोलत होती. निहारिकाने आईला फोन करून हळूच सांगितलं, "मॉम, तू लवकर ये. आजी इज ऑन फायर."

तिसऱ्या फोनच्या वेळी सुलभाताईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. त्यांनी वहीत पहिल्यापासून एक तिसरा रकाना आखला होता. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या बाजूला सिनेटचा नेता, आणि कडेला, नेत्याने उत्तर द्यायला किती सेकंद घेतले ते, मनातल्या मनात मोजून. कामाची जुनी सवय. त्या दिवशी त्यांनी मागची पानं चाळली, पुन्हा पुढची चाळली आणि निहारिकाला जवळ बोलावलं.

"हे बघ. देशातल्या कायद्यांची गोष्ट निघाली की हा तुझा मॅन्सफील्ड लगेच होय म्हणतो. एक सेकंद, दीड सेकंद. आणि व्हिएतनाममधल्या लढाईचं निघालं की? तीन, चार, इथे तर पाच. आणि पाच सेकंदांनी म्हणतो काय, तर नुसतं 'मिस्टर प्रेसिडेंट'. होय म्हणतच नाही."

"पण नाही असंही म्हणत नाही ना, आजी."

"नाही म्हणणार कसा? समोर राष्ट्राध्यक्ष आहे, आणि एके काळचा साहेब आहे." सुलभाताईंनी वही मिटली. "आमच्याकडे एक प्रतोद होते. पक्षाच्या आमदारांना मतदानाला हजर ठेवायचं काम त्यांचं. सभागृहात मुख्यमंत्र्यांच्या विरोधात त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. सगळे म्हणायचे, हा बाहुला आहे. एकदा त्यांचा टायपिस्ट आजारी पडला म्हणून मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि चार पानांचं पत्र सांगितलं, मुख्यमंत्र्यांना. तुमचा निर्णय चुकीचा आहे, अमुक कारणाने, तमुक कारणाने. शेवटी म्हणाले, बाई, हे कुठे बोलू नका. ते पत्र मुख्यमंत्र्यांनी वाचलं, पण निर्णय काही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर चहा पीत होते."

"मग?"

"मग काय! जो माणूस तोंडाने भांडत नाही आणि होयही म्हणत नाही, तो कागदावर भांडत असतो. कागद शोध, निहू."

दुसऱ्या दिवशी निहारिकाने शाळेत हार्टसरांना विचारलं, मॅन्सफील्डने राष्ट्राध्यक्षांना काही लिहून दिलं होतं का? सर खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, "तू हे कधी विचारतेस याचीच मी वाट बघत होतो." व्हिएतनाममध्ये आणखी खोल शिरू नका, असं बजावणारी टिपणं मॅन्सफील्डने जॉन्सनला एकामागून एक पाठवली होती. आणि त्याच काळात तो सिनेटमध्ये त्याच राष्ट्राध्यक्षाचे कायदे मंजूर करून घेत होता. ही टिपणं जपून ठेवलेली आहेत आणि वाचायला मिळतात, असं सांगून सरांनी कुठे शोधायचं तेही लिहून दिलं.

संध्याकाळी पाच वाजता निहारिका भर पावसात पळत आली. छत्री नव्हती, कोटाची टोपीही नव्हती. छापलेले कागद तेवढे कोटाच्या आत छातीशी धरलेले. ती आपल्या घरी गेलीच नाही, थेट कन्सेप्टाबाईंच्या दारात.

"आजी! कागद सापडले! तू बरोबर होतीस!"

सुलभाताईंनी तिचं ओलं डोकं पुसायला टॉवेल घेतला, पण निहारिका त्यांना धरून गोल गोल नाचायलाच लागली. कन्सेप्टाबाईंनी प्रेसमधून शेरीची बाटली काढली. सुलभाताईंनी चहाच घेतला, पण ग्लासाला कप लावला. कन्सेप्टाबाई विजयी आवाजात म्हणाल्या, "बघितलंस ना? आमचा माणूस होयबा नव्हता."

"नव्हता," सुलभाताईंनी मान्य केलं. "पण तुमच्या माणसाची एवढी पत्रं वाचूनही ज्याने त्याला दूर लोटलं नाही, तोही काही साधा नव्हता."

यावर कन्सेप्टाबाईंनी शेरीचा दुसरा घोट घेतला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी गावच्या वाचनालयात मुलांनी आपापले विषय मांडायचे असं हार्टसरांनी ठरवलं. पन्नास-साठ माणसं आली होती. निहारिका चांगली बोलली. न अडखळता पंधरा मिनिटं बोलली, आजीने मोजलेले सेकंदही सांगितले, आणि शेवटी म्हणाली, या दोघांचं नातं हुकूम आणि होकार असं नव्हतंच. मतभेद कागदावर ठेवून काम बरोबर करायचं असं होतं, आणि म्हणूनच ते टिकलं. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी हात वर केला. निवृत्त खाटीक, पॅडी मॅकगॅरिगल. "छान बोललीस, पोरी. पण माणूस चार सेकंद गप्प बसला म्हणजे त्याला पटलेलं नाही, हे कशावरून? त्या वेळी तो चहा पीत असेल!"

सगळे हसले. निहारिकाने पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. "ते माझी आजी सांगेल."

साठ तोंडं सुलभाताईंकडे वळली. कन्सेप्टाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. सुलभाताई उठल्या, वही उघडली, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून जे येत होतं तेच करायचं ठरवलं.

"आपण आणि आपल्या बाई," त्या पॅडींना म्हणाल्या, "पाच मिनिटं बोला. काहीही. मी लिहीन."

पॅडींची बायको अट्रॅक्टा शेजारीच होती. तिला हे फारच आवडलं. ती नवऱ्याकडे वळून बोलायला लागली. नाताळात काय काय करायचं, पुडिंग कोणाकडून आणायचं, नाताळचं झाड कुठे ठेवायचं, आणि यंदा सव्वीस तारखेला आपण माझ्या बहिणीकडे वॉटरफर्डला जाणार आहोत, चार दिवस, हे तुझ्या लक्षात आहे ना? प्रत्येक गोष्टीला पॅडी म्हणाले, "ग्रँड," म्हणजे मस्त, चालेल. सुलभाताईंची पेन्सिल चालू होती. मान खाली.

मग त्यांनी वाचून दाखवलं. अट्रॅक्टाचा सूर, तिचे मधले सुस्कारे, पॅडींचं खाकरणं, सगळं जसंच्या तसं. लोक पुढे सरकून ऐकू लागले. शेवटी सुलभाताईंनी चष्मा वर केला. "पुडिंगच्या वेळी ग्रँड, एक सेकंद. झाडाच्या वेळी ग्रँड, एक सेकंद. वॉटरफर्डच्या वेळी ग्रँड, साडेचार सेकंद." त्या थांबल्या. "यांना वॉटरफर्डला जायचं नाही."

सभागृहात असा हशा उसळला की बाहेरच्या दालनातली माणसं डोकावायला आली. अट्रॅक्टा नवऱ्याकडे बघत होती. पॅडींचा चेहरा लालभडक. "पॅडी," तिने विचारलं, "खरं का हे?"

पॅडींनी दोन्ही हात वर केले. "एकवीस वर्षं जातोय गं तिथे! तुझ्या मेहुण्याची ती खेळण्यातली ट्रेन बघून बघून मी थकलो!"

"मग बोलला का नाहीस?" अट्रॅक्टाला हसू आवरेना. "मला तरी कुठे जायचं असतं! तुला ती ट्रेन आवडते म्हणून मी जाते!"

त्यानंतर कार्यक्रम हार्टसरांच्या हाती राहिला नाही. नवरे-बायका, भाऊ-बहिणी, सगळे सुलभाताईंच्या भोवती जमले. आमचं लिहा, आमचं ऐका. वाचनालयाच्या प्रमुख बाईंनी गर्दीतून वाट काढत त्यांचा हात धरला. वरच्या खोलीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या मुलाखतींच्या कॅसेट पडून आहेत, त्या उतरवून काढायला कोणी मिळत नाही, तुम्ही आणि कन्सेप्टा याल का? सुलभाताई म्हणाल्या, "येईन. पण चार दिवसांनी माझं विमान आहे."

"मग परत कधी येणार?"

सुलभाताईंनी अश्लेषाकडे पाहिलं. अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. आपली आई इतक्या माणसांत, इतकं बोलताना तिने कधी पाहिलीच नव्हती.

निहारिकाचा निकाल ऑगस्टमध्ये लागला. इतिहासात तिला सगळ्यांत वरची श्रेणी मिळाली. बातमी सांगायला तिने मुलुंडला फोन लावला तेव्हा सुलभाताईंचा फोन व्यस्त होता, कारण तो मंगळवार होता, आणि मंगळवारी कन्सेप्टाबाई बोलत. दोघींनी आता दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाचे आणि त्याच्या सिनेट नेत्याचे कागद वाचायला घेतले होते, आणि पहिल्याच आठवड्यात दोघींच्या बाजू वेगळ्या पडल्या होत्या. आवाज इतका चढला, की शेजारच्या विद्या काळजीने दार वाजवून आत आल्या. "सुलभाताई, सगळं ठीक आहे ना? कोणाशी एवढं भांडताय?"

सुलभाताईंनी फोनवर तळहात ठेवला. "भांडत नाही हो. विरोधी पक्षाचं म्हणणं खोडून काढतेय. बसा तुम्ही, चहा ठेवते." आणि फोन पुन्हा कानाला लावून त्या म्हणाल्या, "हं, कन्सेप्टाबाई, बोला. नाही, मी ऐकत होते. तुमचा तिसरा मुद्दा मला मान्य नाही, आणि हे मी लगेच सांगतेय, बघा, एकही सेकंद थांबलेली नाही."